गोमलदेवीचं माहेर आणि ओटाव्याची फळी

टोरांटोच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "येण्याचं कारण?"

"मुलगी मिल्टनला असते, तिच्याकडे," मी म्हणाले. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे अर्धवट उत्तर देणं जमत नाही, म्हणून पुढे सांगितलं, "आणि एका राणीचं माहेर शोधायचं आहे. ते ओटाव्याला माझ्या बहिणीकडे असावं."

त्यानं आधी पासपोर्ट पाहिला, मग मला. "बहीण घ्यायला येणार आहे?"

"नाही. आम्ही बोलत नाही."

त्यानं शिक्का मारला. त्यालाही बहीण असावी.

ही गोष्ट २००९ च्या सप्टेंबरातली. राणीचं नाव गोमलदेवी. ती होऊन सुमारे नऊशे वर्षं झाली. हिरण्यकेशीच्या काठच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाबाहेर तिचा शिलालेख आहे, जुन्या कन्नडमध्ये, चौदा ओळींचा. तिच्या नवऱ्याचं नाव मी इथे देत नाही. दिलं की लोक त्याच्याबद्दलच विचारतात. तो लढाईवर गेला आणि परत आला नाही. मुलगा लहान होता म्हणून पाच पावसाळे गोमलदेवीनं कारभार पाहिला आणि देवळात अखंड दिवा लावून दिला. त्यासाठी गावच्या प्रत्येक तेलघाण्यानं रोज एक पळी तेल द्यायचं असं ठरवलं. लेखात तिचा नवरा आहे, मुलगा आहे, लेकीच्या सासरची मंडळी आहेत, फार काय, हत्तीच्या माहुताचंही नाव आहे. ती कोणाची कोण, एवढंच पहिल्या अकरा ओळींत नाही. ते शेवटच्या तीन ओळींत असणार. त्या तीन ओळी आता दगडावर नाहीत, कारण देवळाची दुरुस्ती चालली होती तेव्हा तो दगड काही वर्षं नदीकाठी आडवा पडला होता आणि त्याच्या खालच्या अंगावर गावानं धुणं धुतलं.

सुदैवानं त्याआधी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लेखाचा ठसा घेतला होता. ते गावच्या शाळेचे हेडमास्तर. ठसा घेणं म्हणजे दगडावर ओला जाड कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत घालायचा आणि वरून शाई फिरवायची. वाळल्यावर काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उठतात. दगड मोठा असल्यामुळे दोन कागद लागले होते. वरच्यावर अकरा ओळी आल्या, खालच्यावर तीन.

१९७० साली अक्का लग्न होऊन कॅनडाला निघाली, तेव्हा अण्णांनी आम्हा दोघी बहिणींना समोर बसवलं आणि ठशाची वाटणी केली. वरचा कागद मला, खालचा अक्काला. दोन्ही लेकी सारख्याच, एकीला जास्त एकीला कमी असं नको, हा त्यांचा न्याय. शिलालेखाची अशी समान वाटणी करणारा दुसरा बाप माझ्या ऐकिवात नाही. जुनी लिपी फक्त मला येत होती, आणि शेवटच्या ओळी "सावकाश वाचू" म्हणून आम्ही अजून वाचल्याच नव्हत्या. अण्णा पुढच्याच वर्षी गेले.

१९८७ मध्ये मी राणीवर पुस्तिका लिहायला घेतली आणि अक्काला पत्र टाकलं, "तुझ्या वाटणीचा कागद पाठव." अक्काचं तीन शब्दांचं उत्तर आलं, "तो माझ्याकडे नाही." त्यावर मी लिहिलं, "अण्णांना माणसाची पारख नव्हती." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. त्यानंतर बावीस वर्षं अबोला.

पुस्तिका मी कागदाशिवायच काढली. गोमलदेवी ही कन्नड मुलखातल्या कल्याणच्या मोठ्या राजघराण्याची लेक, असं त्यात ठोकून दिलं. कारण तशी ती असावी असं मला वाटत होतं. एका प्राध्यापकांनी परीक्षणात लिहिलं, "पुरावा दिसत नाही." त्यांचं बरोबर होतं. आता दुसरी आवृत्ती निघायची होती, मी सासष्ट वर्षांची होते, अक्का त्र्याहत्तर. राणीला घाई नव्हती, आम्हाला होती.

मिल्टन हे गाव अजून बांधून व्हायचं आहे. माझ्या लेकीचं, वैशालीचं, घर ज्या रस्त्यावर आहे तिथली सगळी घरं एकसारखी आहेत. पहिल्याच दिवशी फिरून परत येताना मी शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावून पाहिली. आतून एक गृहस्थ आले आणि त्यांनी न बोलता बोटानं आमचं घर दाखवलं. हे रोजचं असावं. नऊ वर्षांच्या नातीला मी राणीची हकिगत मराठीत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून इंग्रजीत विचारलं की आजी जिच्याशी बोलत नाही तशी बहीण राणीलाही होती का. मी म्हटलं, छे, राणीला बहीण असल्याचा काही पुरावा नाही.

वैशालीनं फोन करून दाजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, कळवलं. दाजींनी अक्काला विचारलं. अक्कानं दाजींना सांगितलं, "देश मोठा आहे, कोणीही येऊ शकतं." हे आमंत्रण समजून मी बसचं तिकीट काढलं.

टोरांटोहून ओटाव्याला बसनं पाच-सहा तास लागतात. स्कारबरोला माझ्या शेजारी एक पंजाबी आजी चढल्या. मुलाकडून मुलीकडे निघाल्या होत्या. मी हिंदीत विचारलं, कोणाकडे बरं वाटतं? त्या म्हणाल्या, "बस में." पुढे तासभर आम्ही वैशालीनं दिलेले धपाटे त्यांच्या आंब्याच्या लोणच्याशी खाल्ले. बाहेर मेपलची झाडं लाल-पिवळी व्हायला लागली होती. इथली माणसं हे रंग बघायला मुद्दाम गाड्या काढून जातात, ठरलेल्या ठिकाणी उभी राहतात आणि छान छान म्हणून परत येतात. आमच्याकडे पळस फुलतो तेव्हा त्याच्याखाली म्हशी उभ्या असतात. पण रंग चांगले होते, हे कबूल केलं पाहिजे.

वाटेत बस अर्धा तास थांबली. तिथे मी पुटीन (बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर चीजचे गोळे आणि त्यावर तपकिरी रस्सा) कोणाच्या तरी ताटात पाहिलं आणि चहा घेतला. वॉशरूमला जाऊन आले आणि बसमध्ये बसले. बस सुटायच्या बेतात होती तेव्हा लक्षात आलं की शेजारी पंजाबी आजी नाहीत, एक दाढीवाला मुलगा आहे आणि तो फ्रेंचमध्ये फोनवर बोलतोय. बस मॉन्ट्रियलची होती. माझ्या बसमध्ये सीटवर राणीची फाइल होती, अण्णांच्या ठशाचा वरचा कागद तिच्यातच. मी उतरले ती पळतच. सासष्टाव्या वर्षी मी पळू शकते हे मला नव्यानं कळलं. आमची बस उभी होती. दारात पंजाबी आजी एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभ्या होत्या आणि ड्रायव्हर त्यांना हात जोडत होता. त्यांच्या काखेत माझी फाइल होती.

ओटाव्याला दाजी न्यायला आले. दाजी निवृत्त इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हे पहा, मी बावीस वर्षं न्यूट्रल आहे. घरी गेल्यावर जे काय बोलायचं ते माझ्या थ्रू बोला, पण एका वेळी एकच वाक्य. मला ऐकायला कमी येतं."

अक्का दारात उभी होती. केस पूर्ण पांढरे झालेले, उंची थोडी कमी झालेली. मी वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. दाजींना म्हणाली, "विचारा, चहा घेणार का."

"घेणार का?" दाजींनी विचारलं.

"घेईन म्हणावं. साखर कमी."

"साखर कमी," दाजी म्हणाले.

"माहीत आहे," अक्का म्हणाली.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. अंबाडी माझी आवडती. ती ओटाव्यात उगवत नाही. आंध्राच्या माणसाच्या दुकानात बर्फात गोठवलेली मिळते, आणि त्यासाठी अक्का दाजींना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवते, हे मला दाजींकडून कळलं. पानात भाजी होती, लसणाची चटणी होती, दही होतं. लोणचं नव्हतं. अक्काच्या लोणच्याचं नाव मी मिल्टनला ऐकलं होतं. ओटाव्यातल्या मराठी घरांत कोणाकडे काही कार्य असलं की बरणी अक्काची असते. पाहुणीला लोणचं वाढलं नाही, याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी शहर दाखवलं. पार्लमेंटच्या टेकडीवरून नदी दिसते, पलीकडचा काठ दुसऱ्या प्रांताचा आणि तिथे फ्रेंच चालतं. टेकडीवर पुतळ्यातली एक राणी आहे, नोटेवर एक राणी आहे, नाण्यावर तीच. दोघींचे आईबाप, आजे-पणजे, चुलते सगळे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत. मला गोमलदेवीसाठी थोडं वाईट वाटलं. परत येताना मी दाजींना सरळ विचारलं, "कागद खरंच नाही का हो?"

दाजींनी कानाकडे हात नेला. "ट्रॅफिकमध्ये मला काहीच ऐकू येत नाही," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींची डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट होती. ते गेले आणि घरात निरोप पोचवायला कोणी उरलं नाही. मी दिवाणखान्यात बसले होते, अक्का स्वयंपाकघरात. तासभर दोघींनी दोन खोल्यांत एकच काम केलं, शांत बसण्याचं. मग अक्का चहाच्या किटलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "ज्याला कोणाला बेसमेंट बघायचं असेल त्यानं आत्ता चलावं. गुडघा पुन्हा पुन्हा जिना उतरू देत नाही."

मी उठले.

बेसमेंटमध्ये भिंतीला लाकडी मांडणी होती, अक्कानं गावच्या घरात असायची तशीच सुताराकडून करून घेतलेली. लिंबाच्या, मिरच्यांच्या, कैरीच्या बरण्या इतक्या दाटीनं लावलेल्या की एक काढायची तर तीन हलवाव्या लागतील. मधली एक फळी मात्र पूर्ण रिकामी होती. वरच्या फळीवर बरण्यांवर बरण्या, खाली जमिनीवर बरण्या, आणि मधे ही मोकळी.

फळीवर कागद घातलेला होता. आमच्या आईची शिस्त अशी की फळीवर कागद घातल्याशिवाय भांडं ठेवायचं नाही. वर्तमानपत्र, जुनी पत्रिका, कॅलेंडरची पानं, जो हाताला लागेल तो. हा कागद जाड होता, पिवळा पडलेला, तेलानं जागोजाग पारदर्शक झालेला. त्यावर बरण्यांच्या बुडांची गोल वर्तुळं होती. मी जवळ गेले. कागदातून बारीक उंचवटे वर आले होते.

"पहिल्या विंटरला," अक्का फळीकडे बघत म्हणाली, "हे घर घेतलं तेव्हा. बाहेर बर्फ, रोज फावडं घेऊन शोव्हल करायचं, हे ऑफिसला, मी एकटी. ट्रंक उघडली. आईनं बरण्या कशाकशात गुंडाळून दिल्या होत्या, ते सगळे कागद फळ्यांवर घातले. काळी बाजू खाली घातली, बरण्यांना शाई लागू नये म्हणून. मला वाटलं, अण्णांच्या शाळेतला कसला तरी नकाशा. अण्णांनी दिलेला कागद मी वेगळा जपून ठेवला होता, निळ्या कापडात. तुझं पत्र आल्यावर ते कापड सोडलं, तर आत कॅलेंडर."

"कॅलेंडर?"

"महालक्ष्मीचं. आईनं निघायच्या गडबडीत अदलाबदल केली असणार. मग मी खाली आले आणि बघितलं. सोलायला गेले तर कोपरा फाटला. तेलानं लाकडाला चिकटलाय." तिनं फाटलेला कोपरा दाखवला. "त्या दिवसापासून इथे काही ठेवलं नाही. तुला काय लिहिणार होते? राणीला लोणच्याखाली घातलं म्हणून?"

"तेच लिहायचं होतं."

"आणि तू काय लिहिलं असतंस?"

मी काय लिहिलं असतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. माझं ते आवडतं वाक्य मला त्या क्षणी पाठ होतं, आणि ते परत गिळता येत नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, ते अण्णांबद्दल लिहिलं ना, ते मी चुकले."

"बावीस वर्षं लागली," अक्का म्हणाली. "बॅटरी आणू?"

अक्षरं मागच्या बाजूनं उठलेली, म्हणजे उलटी. अक्कानं वरून तिची फणेरपेटी आणली, आईनं लग्नात दिलेली, आणि तिच्यातला आरसा काढला. ती बॅटरी तिरकी धरायची, मी आरशात बघत बोटानं चाचपत जायची. शेवटच्या दोन ओळी आधी लागल्या, कारण त्या नेहमीच्या होत्या. "जो कोणी हे दान नष्ट करील त्याला काशीत हजार गाई मारल्याचं पाप लागेल."

अक्कानं बॅटरी खाली घेतली. "लोणच्याचं धरतात का त्यात?"

"तिच्या काळी कैऱ्या होत्या. धरत असतील."

मग वरची ओळ. चांगली अर्धी ओळ बरणीच्या वर्तुळाखाली होती. लिंबाचं लोणचं असावं. खारानं आणि आंबटानं तिथला कागद झिजून गेला होता, बोटाला फक्त लाकूड लागत होतं. वर्तुळाच्या बाहेर आल्यावर मला आधी ‘लदेवी’ एवढं लागलं, एका नावाचा शेवट. त्या काळच्या निम्म्या राण्यांच्या नावांचा शेवट असाच होतो. मी पुढे चाचपलं. मला ‘मगळ्’ (लेक) हा शब्द हवा होता. बावीस वर्षं मी त्याची वाट बघत होते. बोटाखाली आला तो ‘तंगे’.

"काय आहे?" अक्कानं विचारलं.

"धाकटी बहीण. ‘अमुकलदेवीची धाकटी बहीण गोमलदेवी, हिनं थोरल्या बहिणीच्या पुण्यासाठी हा दिवा लावला.’"

"अमुक म्हणजे कोण?"

"तेच खाल्लंय लोणच्यानं."

अक्का मांडणीला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे मी घालवलं."

"हो," मी म्हणाले. ती मला खोटं बोललेलं ओळखते.

"आणि बाप?"

"बाप नाही. बापाचं नाव तिनं घातलंच नाही. स्वतः राज्य करत होती, हवं ते लिहून घेता आलं असतं. पण एवढंच लिहवलं."

"भांडण झालं असेल त्यांचं," अक्का म्हणाली. "उगीच कोण कोणाच्या नावानं अखंड दिवा लावतं."

"असेल."

"मिटलं असेल का?"

"नऊशे वर्षांपूर्वीचं काय सांगणार? पुण्यासाठी दिवा लावला म्हणजे थोरली तेव्हा बहुतेक गेलेली होती."

मला रडू आलं. अक्काही रडत होती, पण बॅटरी तिनं फळीवर नीट धरून ठेवली होती.

दाजी परत आले तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी दारातूनच विचारलं, "काही निरोप?" अक्का म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात." माझ्या पानात लिंबाचं लोणचं होतं. चांगलं मुरलेलं, जरा खारट. मी दोनदा मागून घेतलं.

ओटाव्यात तीन दिवस राहायचं ठरलं होतं, तीन आठवडे राहिले. फळीचे फोटो काढले. दाजी फळी कापून द्यायला तयार होते, पण अक्का म्हणाली, "अण्णांनी वाटणी केलीय. खालचा माझा. वाचायचा असेल तर यायचं." वरचा कागद मी फाइलमधून काढून मधल्या फळीच्या वर, भिंतीला लावून आले. एकोणचाळीस वर्षांनी चौदा ओळी एका जागी आल्या, ओटाव्यात, बेसमेंटमध्ये, मिरच्यांच्या बरण्यांच्या शेजारी. अण्णांना ही जागा पसंत पडली नसती, असं अक्काचं मत. माझं मत वेगळं आहे आणि त्यावर आम्ही बसस्टॉपपर्यंत भांडलो.

गावी आल्यावर मी पहिल्या आवृत्तीतलं कल्याणचं घराणं खोडून टाकलं. छापखानेवाले पाटील प्रुफं वाचून म्हणाले, "बाई, राणीचा दर्जा उतरवला की तुम्ही. राजाची लेक होती, आता कोणाची तरी बहीण. आणि तिचंही नाव नाही."

"नाव होतं," मी म्हणाले. "ते पुसलं."

मग त्यांनी शेवटच्या पानावरचा माझा परिचय काढला. मागच्या वेळी एम.ए., बी.एड., माजी मुख्याध्यापिका, हेडमास्तर अमुक यांची कन्या, असं चार ओळींत छापलं होतं. मी त्या सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘लेखिका ओटाव्याच्या विमल हिची धाकटी बहीण आहे.’

पाटलांनी चष्मा वर केला. "एवढंच?"

"एवढंच. पण विमल हे नाव मोठ्या टायपात घाला, आणि चांगल्या शाईनं."